सीताफळांचे दिवस आणि गोल विहीर

सीताफळाला डोळे असतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्याशी माझं फार वेळ जमत नाही. फळ कच्चं असतं तोवर ते डोळे एकमेकांना घट्ट चिकटून असतात. मग पाऊस उघडतो, ऊन तापायला लागतं, आणि एका सकाळी त्यांच्यामधल्या चिरा पांढरट पिवळ्या होऊन रुंदावलेल्या दिसतात. आमच्याकडे त्याला डोळे उघडले म्हणतात. पंधरा-वीस दिवसांपूर्वी मी दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात मायचा फोन आला. बरी आहेस का, काय करतेस, असलं काही ती विचारत नाही. "डोळं उघडलेत. कवा येतीस?" एवढंच म्हणाली, आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढचं सांगून मोकळी झाली. "आवंदा दोघं बी संगट येणार हायत."

माझं सासर चौसाळ्याचं. हायवेला लागून आमचं खताबियाण्यांचं दुकान आहे. दिवसभर ट्रकांची घरघर आणि फवारणीच्या औषधांचा उग्र वास, त्यात मी गल्ल्यावर बसलेली. पण त्या फोननंतर मला दिवसभर सीताफळांचाच वास येत राहिला. गिऱ्हाईकानं कपाशीचं औषध मागितलं तर मी तुरीचं काढून दिलं. नवरा म्हणाला, जा बाई तू माहेरी, दुकान वाचेल तरी.

दोघं म्हणजे माझी धाकटी भावंडं, सोनाली आणि दत्ता. सोनू नौदलात आहे आणि दत्ता फौजेत. भरती झाल्यापासून दोघांना एकाच वेळी रजा कधी मिळाली नाही. एक आला की दुसऱ्याची जायची वेळ झालेली. एकदा तर धारूरच्या स्टँडवर एकाच बाकावर बसून दोघांनी अर्धा तास गप्पा मारल्या, तो येत होता आणि ती निघाली होती. सीताफळ तर कुणासाठी थांबत नाही. एक दिवस आधी फोडलं तर कचकचीत, एक दिवस उशीर झाला तर नुसतं पाणी. मग माय फळं पिकवायच्या आढ्या वेगवेगळ्या घालायची, एका पोत्यात दत्ताच्या, दुसऱ्यात सोनूच्या, आणि दोन्ही पोती रोज हातानं चाचपून बघायची. यंदा तिला एकच मोठी आढी घालायची होती.

धारूरच्या डोंगरात आमची वाडी. जमीन मुरमाड, बांधाबांधाला सीताफळी. त्यांना कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, तरी फळं लगडतात. फळ तोडताना बोटांना एक राखाडी भुकटी लागते आणि मुंग्या हातावर चढतात. बाजरी खळ्यावर आलेली असते, डोंगरावरचं गवत पिवळं पडून वाऱ्यावर लवत असतं. आणि आमची विहीर भरलेली असते, ही त्या दिवसांतली सगळ्यात मोठी गोष्ट. लोकांची पोरं उन्हाळ्यात पोहतात. आमच्या विहिरीत उन्हाळ्यात बेडकालाही उभं राहायला जागा नसते. परतीचा पाऊस नीट झाला तर दसऱ्याच्या सुमारास पाणी पायऱ्यांना लागतं, आणि तिथून दिवाळीच्या पुढेमागे काही आठवडे आमच्याकडे पोहण्याचे दिवस असतात. त्यामुळे माझ्या डोक्यात सीताफळ आणि पोहणं यांची गाठ कायमची पडली आहे. गर तोंडात, बिया पाण्यात थुंकायच्या, आणि त्यांच्यामागून उडी.

उडी अर्थात दत्ताची. तो पायांना मिठी मारून असा मुटका मारायचा की पाणी थेट मोटारीच्या पाइपापर्यंत उडायचं. चालायला शिकायच्या आधी हा पोहायला शिकला, असं दादा म्हणायचे. दादा म्हणजे आमचे वडील. सोनू मात्र पाण्याच्या जवळ फिरकायची नाही. ती डोंगराची. शेळ्यांच्या मागं कडे चढायची आणि किल्ल्यापर्यंत पळत जाऊन पळत यायची. त्यामुळे दोघांनी भरतीचा नाद घेतला तेव्हा वाडीनं आपल्या मनाशी वाटणी करून टाकली होती की पोरगा जाणार नौदलात आणि पोरगी फौजेत. दोघांनी ते बरोबर उलटं केलं.

दत्ताचं कारण सोपं होतं, पण तो ते कुणाला सांगत नव्हता. ते मी सांगितलं, कारण मी थोरली आहे आणि तेवढा माझा हक्क आहे. लहानपणी एकदा माजलगावच्या धरणावर आम्ही होडीत बसलो होतो. होडी काठापासून हलली नाही तोच या बहाद्दरानं सकाळपासून खाल्लेलं सगळं माझ्या नव्या ड्रेसवर काढलं. पाण्यात तो मासा होता, पाण्यावर मात्र त्याचं काही खरं नव्हतं. "पायाखाली भुई पायजे बे आपल्याला," असं तो मित्रांना मोठ्या रुबाबात सांगायचा, आणि मला हसू आवरत नसे.

सोनूला विचारलं, कावून गं नौदल? तुला तर हौदात पाय घालायची भीती. तेव्हा ती खळ्यावर बाजरीची कणसं मोडत होती. तिनं मान वर केली नाही. "आक्का, आपण सगळ्या उन्हाळाभर टँकरची वाट बघत घागरी घेऊन बसतो," ती म्हणाली. "मला एकदा तिथं जायचंय जिथं पाण्याची पाळी नसती." मी दुसरं काही तरी ऐकायच्या तयारीत होते, देशसेवा वगैरे. ते तिच्या मनात नव्हतं असं नाही, पण त्याच्याही खाली हे होतं. मी तिच्यासोबत कणसं मोडू लागले.

दादांची एकच इच्छा होती. दोघांनी मिळून एकाच ठिकाणी जावं, फौज तर फौज, नौदल तर नौदल. शाळेला एका सायकलवर गेलात, तसंच आता जा, एकमेकांना धरून राहाल. यावर दत्ताचं म्हणणं असं की त्या सायकलवरून ती दोघं किती वेळा पडली ते दादांनी मोजलेलं नाही. पुढं कोण बसणार यावरून रोज भांडण व्हायचं. त्यानं दादांना समजावलं की आमी एका फौजेत राहिलो तर शत्रूला काही करायलाच उरणार न्हाई. दादा हसले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस बैलांना पाणी पाजताना ते बैलांना सांगायचे की जोडी कशी एकाच जुवाला बरी असते.

खरा प्रश्न मायचा होता. दत्ताला तिनं डोळे पुसत का होईना, हो म्हटलं. सोनूला नाही म्हणाली. मुलगी म्हणून नाही, पाणी म्हणून. माय आयुष्यभर विहिरीवर पाणी शेंदत आली, पण तिसऱ्या पायरीच्या खाली तिनं पाऊल कधी टाकलं नाही. तिच्या माहेरी, दुष्काळाच्या एका वर्षी, तिची मैत्रीण तळाशी गेलेलं पाणी काढायला विहिरीत उतरली आणि पाय घसरून गेली. माय ते कधी सांगत नसे, मला मावशीकडून कळलेलं. दोघांची निवड झाली, दिवाळीनंतर निघायचं ठरलं, वाडीत पेढे वाटून झाले, तरी मायचं तोंड बंदच. शेवटी एका सकाळी तिनं चुलीपुढं बसून आपली अट सांगितली.

"ह्या कडंनं त्या कडंला जायचं. पाठीला डबा न्हाई, कुणाचा हात न्हाई. माझ्या डोळ्यांदेखत. मग मी न्हाई म्हणणार न्हाई."

ते आमच्या विहिरीचं वर्ष. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दुपारी ऊन पाण्यावर पडलं की सोनू विहिरीत आणि सगळी वाडी काठावर. मीही महिनाभर माहेरीच होते, बाळंतपणाचं निमित्त होतं. मोठं पोट घेऊन बाजेवर बसून मी सूचना करायचे. दत्ता मास्तर. पहिल्या दिवशी तिच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि पाण्यात उतरवलं, तर तिनं दत्ताच्या गळ्याला अशी मिठी मारली की जिल्ह्यात नाव असलेला पोहणारा डब्यासकट गटांगळ्या खायला लागला. दादांना वरून दोर टाकावा लागला. दत्ता बाहेर आला तो ठसकतच म्हणाला की शत्रू परवडला.

बशीरचाचा आमची सीताफळं घ्यायचे. धारूरच्या बाजारात त्यांचा फळांचा व्यापार, दर दोन-तीन दिवसांनी टेम्पो घेऊन यायचे. त्यांनी ही तऱ्हा बघितली आणि पुढच्या खेपेला टेम्पोची जुनी ट्यूब हवा भरून आणली. तिच्यात बसवल्यावर सोनू निदान तरंगायला लागली. पाणी मात्र नाकातोंडात जायचंच. चाचा क्रेट भरता भरता काठावरून वाकून बघायचे आणि म्हणायचे, "बेटा, सगळं पिऊ नको, उन्हाळ्याला ठेव जरा." सोनूला हसू आलं की ती आणखी पाणी प्यायची.

माय या सगळ्याकडे पाठ करून सीताफळं तोडायची. विहिरीच्या आसपासची झाडं सोडून लांबच्या बांधावर जायची. पण पाण्यात धप्प झालं की तिचा हात फांदीवर थांबायचा, आणि सोनूच्या खोकल्याचा आवाज आला की मगच फळ तुटायचं. हे मी बाजेवरून बघत असे. आता माझी लेक झोपाळ्यावर उंच जाते तेव्हा माझाही हात असाच थांबतो, आणि तो थांबला की मला माय आठवते.

आठ-दहा दिवसांत ट्यूब गेली, मग डबाही गेला. सोनू पोहायला लागली होती, पण भिंतीच्या कडेकडेनं. आमची विहीर गोल, दगडी बांधणीची. एका अंगाला पायऱ्या, बाकी सरळ भिंत. सोनूचं गणित असं की दम लागला तर दगडाच्या खाचेत बोट घालता आलं पाहिजे. म्हणून ती पायरीवरून निघायची, डाव्या हाताला भिंत ठेवायची, मोटारीच्या पाइपापाशी वळायची, भिंतीत उगवलेल्या उंबराच्या मुळीखालून जायची आणि गोल फिरून पायरीला लागायची. दत्ता कानीकपाळी ओरडायचा, मधनं जा, मधनं. तिला ते जमेना. मधलं पाणी काळं दिसायचं आणि तिथं धरायला काही नव्हतं.

वसुबारसेच्या दुपारी माय विहिरीवर आली. पदर कमरेला खोचून तिसऱ्या पायरीवर बसली. दादा खांद्यावर टॉवेल टाकून काठावर उभे, दत्ता दूर पाण्यात, मी बाजेवर. वाडीतल्या बायका धुणं अर्धवट टाकून आल्या होत्या. सोनूनं समोरच्या भिंतीकडं बघितलं, श्वास घेतला आणि पायरी सोडली. पहिले दोन हात सरळ पडले. मग कुणी कान धरून वळवावं तशी ती डावीकडं वळली, पाइपाला वळसा, उंबराखालून, आणि पाणी मारत मारत पुन्हा पायरीला, मायच्या पायापाशी. तिथं आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पलीकडची कड गाठलीच नाही. तिचं तोंड एवढंसं झालं.

दत्ता पाण्यातूनच वाद घालायला लागला की अख्खा वळसा मधल्या अंतरापेक्षा लांब असतो, हवं तर दोर लावून मोजा. दादा न्यायाचे माणूस, त्यांना खोटं बोलवेना. ते चाचरत म्हणाले की ठरलं होतं ते काही झालं नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली. मायचं कुणाकडं लक्ष नव्हतं. तिनं सोनूची वेणी हातात घेतली आणि दोन्ही हातांनी पिळून पाणी काढलं. बराच वेळ ती वेणीच पिळत होती.

"आली न्हवं माघारी?" ती म्हणाली. "मग जाऊ द्या तिला."

आमच्याकडे दिवाळी झाली की गाव तसंही रिकामं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या भरतात, भांडी, पोरं, शेळ्या, कोंबड्या सगळ्यांसकट. त्यामुळे निरोप द्यायचा कसा हे आमच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. त्या वर्षी त्या गाड्यांच्या रांगेत एका बाजूला आमची दोघं उभी होती, आपापली ट्रंक घेऊन. मायनं दोघांना कच्ची सीताफळं दिली, तिकडं पोचेस्तोवर पिकतील अशा बेतानं. दत्ताची वाटेतच पिकून ट्रंकेत फुटली आणि त्याचे नवे बनियन चिकट झाले. सोनूची बरोबर पोचल्या दिवशी पिकली, हे ती अजून त्याला ऐकवते.

तिथून तिचा जो पहिला मोठा फोन आला तो ऐकून आम्ही पोट धरून हसलो. तिथल्या पोहायच्या तलावात पट्टे आखलेले होते आणि प्रत्येकीनं आपल्या पट्ट्यातून सरळ जायचं होतं. शिट्टी वाजली, बाकीच्या सरळ गेल्या. आमची सोनू अर्ध्यात आली आणि वळली डावीकडं, शेजारच्या पट्ट्यात, तिथून त्याच्या शेजारच्या, आणि सगळ्यांना आडवी जाऊन जिथून निघाली तिथं परत. शिकवणाऱ्या साहेबांनी विचारलं, कुठं शिकलीस गं? ती म्हणाली, विहिरीत, सर. साहेबही हसले म्हणे. सरळ जायला शिकायला तिला बरेच दिवस लागले. माय फोनला कान लावून हे ऐकत होती. ती हसली नाही, नुसती मान डोलावत राहिली.

त्याच फोनवर सोनूनं सांगितलं की बरोबरच्या कितीतरी मुलींना पोहणं अजिबात येत नव्हतं, तिथं सगळ्यांनाच पहिल्यापासून शिकवतात. नंतर मी तिला एकटीला गाठून विचारलं, मग हे तुला आधी माहीत नव्हतं का? उगीच महिनाभर विहीर प्यायलीस. "माहीत हुतं की," ती म्हणाली. "भरतीच्या वेळीच कळलं हुतं. पण आक्का, पाण्यात मी जाणार हुते आणि घरी माय बसणार हुती." मी थोरली, मी शहाणी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला आणि थोडा रागही आला, कारण धाकट्यांनी इतकं शहाणं व्हायचं नसतं.

तर यंदा दोघं एकत्र आली. अंगण लहान पडलं. पहिल्याच सकाळी भांडण झालं ते सलामावरून. दत्ताचा तळहात समोरच्याला दिसतो, सोनूचा खाली जमिनीकडं झुकलेला असतो. कुणाचा बरोबर? दोघांनी दादांना मधे घातलं. दादांनी दोन्ही शिकून घेतले आणि चुकून सोनूला फौजेतला सलाम ठोकला, त्यावर तिनं त्यांना चहा होईस्तोवर अंगणात सराव करायला लावला. सोनू तिकडं मासे खायला शिकली, हे ऐकून मायनं कानावर हात ठेवले. दत्ता बर्फातल्या गोष्टी सांगतो, कुठल्या ते सांगत नाही, आणि तेवढं आम्ही विचारत नाही. आढीचं पोतं उघडलं की सगळ्यांची तोंडं बंद होतात. माझी लेक बिया मोजते, दत्तामामा तिच्या वाटीतल्या चोरतो. बशीरचाचा आता थकलेत, टेम्पो त्यांचा मुलगा चालवतो, पण चाचा मुद्दाम येऊन बसून गेले. सोनूला बघून म्हणाले, "समुंदर शिल्लक ठेवलास का बेटा, का पिऊन आलीस?"

मग एका दुपारी, भांडी घासून झाल्यावर, माय पदराला हात पुसत म्हणाली, मला बी दाव एकदा, तू तिकडं काय करतीस ते. आम्हाला वाटलं हिला फोटो बघायचेत. ती विहिरीकडं चालायला लागली होती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगायला मला फार आवडतं. तीच ट्यूब दत्तानं माळ्यावरून काढली, ठिगळं लावून आणली. माय साडीचा काष्टा घालून तिसऱ्या पायरीवर आली आणि चौथीवर पाय ठेवायला तिला अख्खी दुपार लागली. दुसऱ्या दिवशी गुडघ्याएवढ्या पाण्यात. सोनू खाली पाण्यात उभी राहून तिचे दोन्ही हात धरायची आणि अजिबात घाई करायची नाही. दत्ता मायच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक धरून काठावर. दादा म्हणायचे की या वयात काय हे, आणि सगळ्यांत आधी येऊन जागा धरायचे. मी यंदाही बाजेवर, सूचना करायला. माय पाणी प्यायली, खोकली, दत्ताला शिव्या दिल्या, आणि ट्यूब सोडून भिंतीच्या कडेकडेनं फिरायला लागली. पाइपापाशी वळायची, उंबराच्या मुळीखालून, पुन्हा पायरीला. सगळं लेकीसारखंच, डावीकडून.

परवा दत्ता निघणार, तेरवा सोनू. काल दुपारी आम्ही सगळे विहिरीवर होतो. माय पायरीवरून निघाली, आम्ही तिच्या गोल फेऱ्याच्या अंदाजानं डावीकडं बघायला लागलो, आणि ती वळलीच नाही. सरळ गेली, मधून. हात वेडेवाकडे पडत होते, तोंड पाण्याबाहेर, डोळे समोरच्या भिंतीवर. दत्तानं दोर ढिला सोडला, सोनू अंतर ठेवून बाजूनं पोहत राहिली. माय पलीकडं पोचली आणि भिंतीतल्या उंबराची मुळी तिनं दोन्ही हातांनी धरली.

त्या अंगाला पायऱ्या नाहीत. वर चढायला काही नाही, नुसता दगड. मायनं मुळीला लोंबकळत मान वळवली, आमच्याकडं बघितलं, मग मधल्या काळ्या पाण्याकडं. तिला दम लागला होता.

"आता माघारी कसं यावं गं?" तिनं सोनूला विचारलं.

"मी येतीच की न्हाई, माय?" सोनू म्हणाली. "तसंच यायचं."

माय तिच्याकडं बघत राहिली. मग हसली, आणि तिनं मुळी सोडली.